हिरवी खूण आणि बंद साइट : प्लगिन फोल्डर तपासणाऱ्या एका स्क्रिप्टचे प्रकरण

रिलीज होऊन चार मिनिटे होतात न होतात तोच साइट बंद पडली. या संकेतस्थळावर गंभीर त्रुटी आली आहे, हे वर्डप्रेसचे (साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) ओळखीचे वाक्य प्रत्येक पानावर दिसत होते. शेजारच्या खिडकीत आमच्या बिल्डचे, म्हणजे रिलीजआधीच्या आपोआप होणाऱ्या तपासणीचे, पान उघडे होते आणि त्यावर सगळीकडे हिरव्या खुणा होत्या. प्लगिन तपासणी : पूर्ण. त्रुटी : ०.

हे प्रकरण त्या शून्याचे आहे.

आमच्याकडे एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या सामाईक साठ्यात) अडतीस घरगुती प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे आमचेच छोटे प्रोग्राम, आहेत. प्रत्येकाचे स्वतंत्र फोल्डर आहे आणि रिलीजच्या वेळी ती सगळी आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या साधनाने एकदम सर्व्हरच्या प्लगिन डिरेक्टरीत जातात. मध्ये पहारेकरी एकच : पन्नासेक ओळींची एक बॅश स्क्रिप्ट (बॅश हा कमांड वाचून चालवणारा एक शेल). ती सगळी फोल्डरे फिरते, प्रत्येक पीएचपी फाइल (पीएचपी ही वर्डप्रेसची भाषा) पीएचपीच्याच लिंट पर्यायातून, म्हणजे न चालवता व्याकरण तपासणाऱ्या पर्यायातून, काढते, प्लगिनच्या नावाचा हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहितीची ओळ) सापडतो का ते बघते आणि शेवटी चुकांची संख्या छापून तोच आकडा एक्झिट कोड, म्हणजे संपताना द्यायचा निकालाचा आकडा, म्हणून परत करते. शून्य आला तर बिल्ड पुढे जाते, काहीही वेगळे आले तर थांबते.

वर्डप्रेसकडे स्वतःची तपासणी नसते असे नाही. प्लगिन सक्रिय करताना किमान कोणते पीएचपी हवे हा हेडर पाहिला जातो, ते जुळले नाही तर सक्रिय करायला नकार मिळतो. पण हे होते ते सक्रिय करण्याच्या क्षणी. आधीपासून सक्रिय असलेल्या प्लगिनच्या फाइली तुम्ही मागच्या दाराने बदलल्या, तर वर्डप्रेस डेटाबेसमधली सक्रिय प्लगिनांची यादी वाचते, त्या वाटेवर फाइल आहे ना एवढे बघते आणि ती सरळ लोड करते. आरसिंक म्हणजे हेच मागचे दार. त्यामुळे आमच्या बाबतीत जो काही भरवसा होता तो त्या पन्नास ओळींवर.

जुना रिलीज परत टाकला आणि साइट उभी राहिली, तो भाग सोपा होता. पुढचे दोन तास मात्र आम्ही साप समजून भुई धोपटली. कॅशे पुसून पाहिला, डेटाबेसमधला अलीकडचा बदल तपासला, थीमवर संशय घेतला. फाइलच्या व्याकरणाकडे कोणी वळलेच नाही, कारण ते तर स्क्रिप्टने तपासलेले होते. शेवटी सर्व्हरचा एरर लॉग उघडला तर पहिल्याच ओळीत उत्तर होते : एका सहायक फाइलमध्ये अनपेक्षित कंस, तिथे व्हेरिएबल अपेक्षित होते. वर्डप्रेस ५.२ पासून अशा वेळी प्रशासकाच्या पत्त्यावर ईमेलही जाते. ते गेलेही होते, पण ज्या खात्यात गेले ते कोणीच उघडत नव्हते.

चूक होती एका स्वल्पविरामाची. एका फंक्शनच्या व्याख्येत शेवटच्या पॅरामीटरनंतर स्वल्पविराम होता. फंक्शन बोलावताना शेवटी असा स्वल्पविराम पीएचपी ७.३ पासून चालतो, पण फंक्शनच्या व्याख्येत तो चालू झाला ८.० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२० मधल्या आवृत्तीत. सर्व्हरवर होते ७.४. (त्या आवृत्तीचा अधिकृत आधार २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपलेला आहे. ही आमची जुनी उधारी, तिची लाज वेगळी.) स्वल्पविराम कोणी हाताने टाकलाही नव्हता. एका सहकाऱ्याच्या एडिटरमधल्या फॉरमॅटरने फाइल सेव्ह करताना तो नीटनेटकेपणासाठी घातला होता.

साहजिकच पहिला तर्क असा निघाला की बिल्डच्या मशीनवर पीएचपी ८ असणार. लिंट पर्याय ज्या आवृत्तीतून चालवाल त्याच आवृत्तीचे व्याकरण तपासतो, तेव्हा ८ ने ही फाइल आनंदाने पास केली असती. तर्क चांगला होता, पण खोटा निघाला. बिल्डच्या मशीनवर बरोबर ७.४ च होते.

मग बिल्डचा लॉग पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. अडतीस फोल्डरांतल्या प्रत्येक फाइलमागे एक ओळ, म्हणजे चारशेच्या वर ओळी. मधेच कुठेतरी सहकारी ओरडला, "अरे, इथे तर लिहिलंय की!" खरेच लिहिले होते. फाइलचे नाव, ओळ क्रमांक, पार्स एरर, सगळे. पीएचपीने आपले काम चोख केले होते, स्क्रिप्टने ते छापलेही होते. आणि त्याखाली दोनशे ओळींनंतर शांतपणे : त्रुटी : ०. कुंपणानेच शेत खाल्ले होते.

मोजणी कुठे गेली

स्क्रिप्टचा गाभा असा होता : फाइंड कमांड फाइलींची यादी काढते, ती पाइपमधून (एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) व्हाइल लूपमध्ये जाते, लूप एकेक नाव वाचून त्यावर लिंट चालवतो आणि लिंट नापास झाला की चुकांच्या काउंटरमध्ये एक मिळवतो. लूप संपल्यावर काउंटर छापायचा. वाचताना यात खोट दिसत नाही.

पण बॅशमध्ये पाइपच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या सबशेलमध्ये चालतात. सबशेल म्हणजे मूळ शेलची प्रत. तिला काउंटरची प्रत मिळते, ती प्रत वाढवते आणि लूप संपला की प्रतीसकट नाहीशी होते. मूळ शेलमधला काउंटर सुरुवातीला शून्य होता तो शून्यच राहतो. चुका कितीही असोत, शेवटचा आकडा तोच.

आता प्रश्न असा की लिहिणाऱ्याने हे कधीच करून पाहिले नव्हते का? पाहिले होते, आणि हा या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे. त्याने लूपच्या ओळी आपल्या मॅकच्या टर्मिनलमध्ये चिकटवून, मुद्दाम एक फाइल मोडून खात्री केली होती आणि आकडा १ आला होता. मॅकओएस कॅटालिनापासून, म्हणजे २०१९ पासून, तिथला डिफॉल्ट शेल झेडशेल आहे. झेडशेल पाइपचा शेवटचा तुकडा चालू शेलमध्येच चालवतो, म्हणून काउंटर टिकतो. तीच ओळ स्क्रिप्टच्या फाइलमध्ये बॅशच्या नावाने गेली आणि अर्थ बदलला. चाचणी खरी होती, फक्त दुसऱ्याच भाषेची होती.

याचा अर्थ दोन वर्षे ही स्क्रिप्ट प्रत्येक रिलीजला शून्य म्हणत आली होती, आणि शून्य सोडून दुसरे काही म्हणू शकतच नव्हती. दरम्यान मोठा अपघात झाला नाही तो केवळ सहकारी आपापल्या मशीनवर कोड चालवून मगच पाठवतात म्हणून.

दुरुस्ती एका ओळीची : पाइप काढून फाइंडचे आउटपुट प्रोसेस सब्स्टिट्यूशनने (कमांडचे आउटपुट फाइलसारखे वाचायला देणाऱ्या सोयीने) लूपला मागच्या बाजूने द्यायचे. म्हणजे सबशेलमध्ये जाते ती फाइंड, लूप मूळ शेलमध्ये राहतो. त्याच वेळी नावे नवीन ओळीऐवजी शून्य बाइटने वेगळी केली, म्हणजे नावात स्पेस किंवा आणखी काही विचित्र असले तरी वाचताना तुकडे पडत नाहीत.

इथे थांबलो असतो तर हा लेख अर्धाच झाला असता.

दुरुस्तीच्या आत आणखी

काउंटर सुधारताना कोणीतरी स्क्रिप्टच्या डोक्यावर चूक होताच थांबण्याचा पर्याय, म्हणजे सेट-ई, चढवला. हेतू चांगला. पण काउंटर वाढवला जात होता दोन कंसांतल्या प्लस-प्लसने. या लिखाणात आधीची किंमत हाच राशीचा निकाल असतो. काउंटर शून्य असताना वाढवला की निकाल शून्य, आणि बॅशच्या अंकगणितात शून्य निकाल म्हणजे अपयश. सेट-ई ते अपयश बघते आणि स्क्रिप्ट तिथल्या तिथे बंद पडते. एक्झिट कोड १, बिल्ड लाल. वरवर पाहता स्क्रिप्टने चूक पकडली! प्रत्यक्षात ती पहिल्या चुकीपाशी स्वतःच पडत होती आणि पुढची फोल्डरे तपासतच नव्हती. तीन फाइली बिघडलेल्या असतील तर तीन वेळा पाठवा, तीन वेळा लाल बघा. उपाय साधा आहे : काउंटरला काउंटर अधिक एक ही किंमत नेमून द्यायची. नेमणूक कधी अपयशी ठरत नाही.

दुसरे भोक एक्झिट कोडचे. आम्ही चुकांची संख्या हाच कोड म्हणून परत करत होतो. एक्झिट कोडला आठ बिट मिळतात, त्यामुळे २५५ च्या पुढचा आकडा परत शून्यापासून मोजला जातो. २५६ चुका म्हणजे एक्झिट कोड ०, म्हणजे सर्व उत्तम. आमच्याकडे नेमक्या २५६ चुका कधी भरल्या नसत्या, हे मान्य. पण ज्या दिवशी कोणी चुकीच्या पीएचपी आवृत्तीने पूर्ण रिपॉझिटरी तपासेल त्या दिवशीचे कोणी सांगावे. आता चूक एक असो वा हजार, कोड १ च जातो. संख्या माणसांसाठी छापली जाते.

तिसरे भोक मला जास्त धोक्याचे वाटते. फोल्डरची वाट चुकीची दिली तर काय होते? फाइंड कुरकुरते, पण प्रोसेस सब्स्टिट्यूशनमधल्या कमांडचा एक्झिट कोड मूळ स्क्रिप्टला कळत नाही. लूपला एकही नाव मिळत नाही, एकही चूक सापडत नाही आणि निकाल पुन्हा हिरवा. काहीच न तपासणे आणि काहीच चूक नसणे, या दोन्ही गोष्टींचे उत्तर एकच येत होते. म्हणून स्क्रिप्ट आता किती फोल्डरे तपासली तेही मोजते. रिपॉझिटरीत प्लगिनांच्या नावांची एक साधी मजकुराची यादी ठेवली आहे. सापडलेली फोल्डरे आणि यादी तंतोतंत जुळली नाहीत तर नापास.

प्लगिनचे फोल्डर कशाला म्हणायचे

काउंटर मार्गी लागल्यावर एक अवघड प्रश्न उरला : स्क्रिप्ट जे तपासते तेच वर्डप्रेस बघते का? वर्डप्रेसची व्याख्या अगदी काटेकोर आहे. ते प्लगिन डिरेक्टरीत आणि तिच्या खाली फक्त एक पायरी उतरते. तिथल्या पीएचपी फाइलींचे पहिले ८ केबी वाचते आणि त्यात प्लगिनच्या नावाचा हेडर असेल तर त्या फाइलला प्लगिन मानते. बाकी हेडर ऐच्छिक, नाव तेवढे अनिवार्य.

आमची स्क्रिप्ट मात्र ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) फोल्डरच्या तळापर्यंत जाऊन हेडर शोधत होती, अख्ख्या फाइलमध्ये. म्हणजे झिप उघडताना फोल्डरात तेच फोल्डर तयार झाले, हा रोजचा घोटाळा, तर हेडर दोन पायऱ्या खाली जाईल. स्क्रिप्ट खूश, आणि वर्डप्रेसच्या यादीत ते प्लगिन नाहीच. फाइलच्या डोक्यावर कोणी लांबलचक परवान्याचा मजकूर चिकटवला आणि हेडर ८ केबीच्या पलीकडे ढकलला गेला, तरी तेच. उलट एका फोल्डरात चुकून हेडर असलेल्या दोन फाइली राहिल्या तर वर्डप्रेस दोन प्लगिन दाखवते आणि कोणीतरी कधीतरी नको ते सक्रिय करते. नियम आता वर्डप्रेसच्याच मापाने लिहिला आहे : एका पायरीवर, पहिल्या ८१९२ बाइटांत, हेडर असलेली नेमकी एक फाइल.

आणखी एक नियम बॉमचा. काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट ठेवतात, तोच हा बॉम. पीएचपीच्या दृष्टीने ते सुरुवातीच्या टॅगच्या आधीचे आउटपुट असते. प्लगिन सक्रिय करताना तीन अक्षरांचे अनपेक्षित आउटपुट आले, असा इशारा वर्डप्रेसने दिलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी बहुधा ते तीन बाइटच पाहिले आहेत. आउटपुट बफरिंग चालू असलेल्या मशीनवर हे लपून राहते आणि बंद असलेल्या सर्व्हरवर कुकी किंवा रीडायरेक्ट पाठवताना फुटते. लिंटला त्यात काहीच वावगे दिसत नाही. तपासायला मात्र सोपे : पहिले तीन बाइट उचलून ताडून बघायचे.

फोल्डरचे नाव छोट्या लिपीत, स्पेसविना, हा नियम मी हट्टाने घातला. त्यावर कुरकुर झाली. पण वर्डप्रेस सक्रिय प्लगिन ओळखते ते फोल्डर आणि फाइल यांच्या वाटेवरून. फोल्डरचे नाव बदलले की त्याच्या लेखी जुने प्लगिन हरवले. मॅकची फाइल प्रणाली सहसा मोठी-छोटी अक्षरे एकच मानते, लिनक्सची मानत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते आम्ही आधी एकदा भोगले होते.

मधे एकाने सुचवले, "डब्ल्यूपी-सीएलआयमध्ये चेकसम ताडून बघणारी कमांड आहे, तीच लावू या." (डब्ल्यूपी-सीएलआय म्हणजे वर्डप्रेस कमांड लाइनवरून चालवायचे साधन, आणि चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण.) आहे, आणि उत्तम आहे. पण ती वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगिन संग्रहातून चेकसम आणून ताडते. घरगुती प्लगिनांचे चेकसम तिथे नसतात, त्यामुळे ती आमची सगळी फोल्डरे इशारा देऊन ओलांडून गेली असती.

स्क्रिप्टला नापास करणे

खरा बदल घडला तो यानंतर. आम्ही नऊ बिघडलेली फोल्डरे मुद्दाम तयार केली : हेडर नसलेले, दोन हेडरांचे, ८ केबीपलीकडे हेडर असलेले, बॉमवाले, स्वल्पविरामवाले, फोल्डरात फोल्डर असलेले, नावात स्पेस असलेले, सर्व्हरपेक्षा वरचे पीएचपी मागणारे आणि पूर्ण रिकामे. अट अशी की स्क्रिप्टने प्रत्येकाला नापास करायचे, आणि तेही योग्य कारण देऊन. कारणाची अट महत्त्वाची. नाहीतर स्पेसमुळे स्क्रिप्टच अडखळते आणि आपण समजतो की तिने स्पेस पकडली.

काउंटर दुरुस्त झालेल्या, पण नवे नियम अजून न घातलेल्या स्क्रिप्टने पहिल्या दिवशी नऊपैकी तीन पकडले. हेडर नसलेले, स्वल्पविरामवाले आणि रिकामे.

हे नमुने सांभाळणे हाही एक धडाच होता. आठवड्याभरात बॉमचा नमुना पास होऊ लागला. कोणीतरी फाइल उघडून सेव्ह केली आणि एडिटरने इमानदारीने ते तीन बाइट काढून टाकले. स्वल्पविरामाच्या नमुन्याचीही तीच गत होण्यासारखी होती, फॉरमॅटरची सेटिंग ७.४ वर आणली की तो दुरुस्त होणार. रिपॉझिटरीत रिकामे फोल्डर तर ठेवताच येत नाही, रिपॉझिटरी सांभाळणारे गिट फक्त फाइली ओळखते. म्हणून नमुने आता साठवत नाही. चाचणी सुरू होताना स्क्रिप्ट तात्पुरत्या डिरेक्टरीत ते बाइट मोजून लिहिते, वापरते आणि पुसून टाकते.

लिंटच्या आवाक्यात नसलेल्या चुकांसाठी दुसरा टप्पा लावला. कंपोझरचे व्हेंडर फोल्डर (बाहेरून आणलेल्या कोडचे) गिटने वगळले म्हणून पोहोचलेच नाही, किंवा फाइल मागताना नावातले एक अक्षर मोठे लिहिले, हे व्याकरण बघून कळत नाही, चालवूनच कळते. बिल्डमध्ये डब्ल्यूपी-सीएलआय कोरे वर्डप्रेस उभे करते आणि त्यात प्लगिन सक्रिय करते. आधी एकेक वेगळे, मग सगळे एकत्र. एकेक वेगळे यासाठी की दुसऱ्याच्या फंक्शनवर गुपचूप विसंबलेले प्लगिन उघडे पडावे, आणि एकत्र यासाठी की दोघांनी एकाच नावाचे फंक्शन लिहिले असेल तर ते आपटावेत. पहिल्याच फेरीत दोन्ही प्रकार निघाले. कमांड लाइनवरून चालवताना वर्डप्रेस सहसा स्वतःला प्रशासन पानावर आहे असे समजत नाही, त्यामुळे केवळ तिथेच लोड होणाऱ्या फाइली सुटत होत्या. कॉन्टेक्स्ट पर्याय ॲडमिन ठेवून आणखी एक फेरी मारली तेव्हा त्याही तपासणीत आल्या.

एवढे करूनही हा टप्पा पहिल्याची जागा घेत नाही. त्याला काही मिनिटे लागतात, पहिल्याला काही सेकंद. पहिला टप्पा सगळे आपापल्या मशीनवर कमिटच्या (बदल रिपॉझिटरीत नोंदवण्याच्या) आधी चालवतात, दुसरा फक्त बिल्डमध्ये चालतो.

गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने जुने प्लगिन काढून टाकले आणि बिल्ड लाल झाले. "काढलेल्या गोष्टीची काय तपासणी?" तो वैतागून म्हणाला. स्क्रिप्टची शेवटची ओळ होती : अपेक्षित ३८, सापडली ३७. त्याने यादीतून एक नाव खोडले आणि पुन्हा पाठवले.